जामनेरला गेलेलं नाव

फोनवर मेसेज वाजला की कमलबाई आधी फोन पालथा ठेवायची आणि मग चष्मा शोधायला उठायची. मेसेज म्हणजे कोणीतरी आपल्याला काहीतरी फुकट द्यायला निघालंय, आणि फुकट द्यायला आलेला माणूस शेवटी काहीतरी घेऊनच जातो, हे तिचं ठाम मत होतं. त्या मंगळवारी दुपारी मात्र मेसेज मराठीत होता आणि त्यात सुनेचं नाव होतं. चौथीपर्यंत झालेली शाळा तिने कामाला लावली आणि एकेका अक्षरावर अंगठा टेकवत मेसेज वाचून काढला. नूतन कुंदन देसले यांची आरोग्य नोंद साक्री तालुक्यातून जामनेर तालुक्यात वर्ग करण्यात आली आहे, असं त्यात लिहिलेलं होतं.

जामनेर म्हणजे नूतनचं माहेर. कमलबाईने मेसेज पुन्हा वाचला, तरी जामनेरचं जळगाव काही झालं नाही.

तीन महिन्यांपूर्वी ही माणसं साक्रीकडचं गाव सोडून जळगावला आली होती. कुंदन पाइपच्या कंपनीत कायम झाला, शहराच्या कडेला नव्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर घेतलं, शेत कमलबाईच्या चुलत दिराकडे, अमृतकडे, कसायला दिलं, आणि विधवा आईला मागे कशी ठेवणार म्हणून तिलाही आणलं. घर बदललं की रेशनकार्डापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे पत्ता बदलावा लागतो, हे कमलबाईला कळत होतं. पण माणसं जळगावात आणि नाव जामनेरात, हे कुठलं गणित?

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. कमलबाई साधं पाणीही फुंकून प्यायची. गावात तिला या स्वभावावरून कोणी तोंडावर बोलत नसे, कारण अर्ध्या वेळा तिचा संशय खरा निघायचा. तिचा नवरा मगन, देव त्याला असेल तिथे सुखी ठेवो, साक्रीच्या बाजारातून एकदा मोठ्या ऐटीत बैल घेऊन आला, तेव्हा बैल नुसता उभा असताना ती म्हणाली होती की हा मागच्या डाव्या पायाने लंगडा आहे. चार दिवसांनी बैल लंगडला. तेव्हापासून मगनने बाजारात एकटं जाणं सोडलं आणि कमलबाईचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास पक्का झाला. उरलेल्या अर्ध्या वेळांचा हिशेब कोणी ठेवला नाही, तिने तर नाहीच नाही.

आता ही नजर घरातच फिरू लागली. तिच्या लेखी बाईचं नाव कागदावर दोनदाच हलतं. लग्न झालं की माहेरातून निघून सासरी लागतं आणि मेली की सासरातून निघतं. सासरातून उठून उलटं माहेरी गेलेलं नाव तिने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, शेजारच्या गल्लीतल्या एका पोरीचं, आणि त्या पोरीची फारकत झाली होती. म्हणजे नूतन घर सोडून चालली होती. आधी कागद जातो, मागून माणूस जातं.

हे मनात आलं आणि कमलबाई खाटेवर बसून राहिली. नूतनवर तिचा जीव होता. बोलून दाखवायची पद्धत नव्हती, पण होता. पोरगी शिकलेली होती, उलट उत्तर देत नव्हती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी कमलबाईपेक्षा पातळ थापायची. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात तिच्या पोटातलं मूल गेलं, तेव्हा नूतनपेक्षा कमलबाईच जास्त दिवस जेवली नव्हती. नजर लागू नये म्हणून तिने किती काळजी घेतली होती. पोटातली गोष्ट पाच महिने उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, ही तिच्या सासूची शिकवण, तिच्याही सासूची, आणि ती कमलबाईने जिवापाड पाळली होती. तरी कोणाची तरी नजर लागलीच. कोणाची, याची तिच्याकडे यादी होती.

आता ती जुनी दुखणी बाजूला ठेवून तिने नवा शोध सुरू केला. एकदा पाहायला लागल्यावर घरात पुराव्यांना तोटा नव्हता. सकाळी कमलबाई फोडणी टाकायची आणि नेमकी त्याच वेळी नूतन फोन घेऊन गॅलरीत जायची. रोज कोणाचा फोन येतो बरोबर फोडणीला? कुंदन कंपनीतून आला की खिशातून पुडी काढून नूतनच्या हातात द्यायचा. एकदा कमलबाईने ती पुडी पाहिली, आत खजूर होता. आईला न दाखवता बायकोला खजूर, म्हणजे घरात दुसरी चूल पेटायला लागली म्हणायची. पण मग सोडून जाणाऱ्या बायकोला कोणी खजूर का आणेल? या प्रश्नावर ती जरा अडली. मग तिने ठरवलं की तो तिची समजूत काढत असणार.

नूतन रीतभात मात्र सगळी पाळत होती. महिन्याचे चार दिवस ती गॅलरीच्या दाराशी वेगळी चटई टाकून बसायची, देवाला आणि चुलीला शिवायची नाही. कमलबाई तिला ताट वाढून सरकवायची. शहरात आल्यावर सुना हे सोडतात असं ऐकलं होतं, हिने सोडलं नव्हतं. इतकी रीत पाळणारी पोरगी घर मोडायला निघते, तर तिला कोणीतरी फूस लावली असणार. कमलबाईचा संशय मग जामनेरकडे वळला, नूतनची आई शेवंताबाई हिच्याकडे. त्या बाईने लग्नात मानाचं पातळ घेताना घडी उलगडून पाहिली होती. अशी बाई काहीही करू शकते.

रात्री जेवताना तिने कुंदनला विचारलं. नूतन पाणी आणायला आत गेली होती.

"कुंदन, नूतननं नाव जामनेरले कसं काय गयं रे?"

कुंदनचा घास हातात राहिला. मग तो वरणात भाकरी चुरायला लागला, आधीच चुरलेली होती तरी. "कसानं नाव, माय?"

तिने मेसेजचं सांगितलं. तो म्हणाला की सरकारी मेसेज असेच चुकून येतात, एकाचं दुसऱ्याला जातं, तू ते मनावर घेऊ नको. एवढं बोलून त्याने पाच मिनिटांत ताट रिकामं केलं आणि हात धुवायला उठला. हा पोरगा लहानपणी खोटं बोलला की भराभर जेवायचा. कमलबाईला आता दोघांचाही संशय आला.

दुसऱ्या दिवशी नूतन भाजीला गेलेली पाहून तिने कपाट उघडलं. सुनेच्या कपाटाला हात लावणं शोभत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून आधी तिने देवाला हात जोडले आणि मग लावला. साड्या जागेवर होत्या. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, मागच्या वर्षीचे दवाखान्याचे कागद ज्या निळ्या फाइलमध्ये असायचे, ती फाइल मात्र नव्हती. कमलबाईने गादीखाली पाहिलं, पेटीत पाहिलं, पिठाच्या डब्यामागेही पाहिलं. मग तिचं डोकं जड झालं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या बीपीच्या गोळ्या संपून बारा दिवस झाले होते.

त्या गोळ्या तिला गावच्या उपकेंद्रातून मिळायच्या. तिथल्या नर्सबाई, सुनंदाबाई, दर महिन्याला पट्टा फुगवून दाब मोजायच्या आणि गोळ्या द्यायच्या; गाव सोडताना त्यांनी अडीच महिन्यांच्या एकदम दिल्या होत्या. कमलबाईने त्यांना फोन लावला. आपल्या गोळ्यांचं निमित्त केलं आणि हळूच विचारलं की आमच्या सुनेचं नाव तुमच्याकडून गेलं ते कुठे गेलं. सुनंदाबाई म्हणाल्या, घर बदललं की नाव बदलतंच, अक्का, तुमचंही जळगावला लावून घ्या म्हणजे गोळ्या तिथेच मिळतील. कमलबाई म्हणाली, पण तिचं तर जामनेरला गेलं.  मग सुनंदाबाई म्हणाल्या की ते तुम्ही नूतनलाच विचारा, मी सांगणं बरं नाही.

एवढ्या लांबच्या नर्सबाईला माहीत, पोराला माहीत, आणि घरातल्या म्हातारीला नाही. कमलबाईला राग आला, पण रागाखाली भीती जास्त होती. नूतन गेली तर हे दोन खोल्यांचं घर तिला खायला उठेल. कुंदन बारा-बारा तास कंपनीत. शेजारी कोणाशी बोलावं तर इथली माणसं दार उघडण्याआधी आतून विचारतात, कोण आहे म्हणून. आणि नातवंडाचं तोंड पाहायची तिची आस, ती तर संपलीच म्हणायची.

त्याच आठवड्यात दीपमाला आली. दीपमाला म्हणजे त्या कॉलनीची आशाताई. गुलाबी साडी, काखेत रजिस्टर, हातात मोबाइल. नवीन राहायला आलेल्यांची नावं आरोग्य केंद्रात लावायची आहेत, असं तिने दारातच सांगितलं आणि घरात माणसं किती ते विचारलं. कमलबाईने उंबऱ्यावर उभं राहून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. घरातली माणसं मोजून परक्याला सांगायची नसतात, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

"शेतस दोन-तीन माणसं," ती म्हणाली.

दीपमाला हसली. दोन की तीन, एवढंच सांगा, म्हणाली. तिने न चिडता विचारत विचारत कुंदनचं नाव लिहिलं, त्याच्या कंपनीचं लिहिलं. मग सुनेचं नाव विचारलं. कमलबाईने मुद्दाम सांगितलं, पाहू तरी ही काय करते. दीपमालाने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि भुवया वर केल्या. म्हणाली, यांचं नाव आम्हाला इथे घेता येत नाही, ते दुसरीकडे चालू आहे.

"कोठे?"

"ते त्यांनाच विचारा ना, अक्का. मला नाही सांगता येत." तिने रजिस्टरचं पान उलटलं. "तुमचं घेऊ या. बीपी, शुगर काही आहे? गोळ्या चालू आहेत का?"

कमलबाईचं डोकं तेव्हाही ठणकत होतं. पण सगळी दुनिया मिळून तिच्यापासून एक गोष्ट लपवते आणि वर तिचंच नाव, वय, आजार विचारते, हे तिला सहन झालं नाही. सून जिथे नाही तिथे माझं नाव लावून हे लोक काय करतील, कोण जाणे. उद्या म्हणतील, या घरात एकटी म्हातारीच राहते. माझं नाव नको लावू, आमची सगळ्यांची एकदाच लावू, असं सांगून तिने दार लावून घेतलं. दीपमाला बाहेरून म्हणाली की मी पुन्हा येईन, गोळ्या थांबवू नका. दारामागे कमलबाई दुखणाऱ्या डोक्याला हात लावून उभी राहिली.

पुढच्या सोमवारी नूतनने सांगितलं की ती दोन दिवस जामनेरला जाते. आईचे डोळे तपासायचे आहेत.  कमलबाईने फक्त पिशवी पाहिली. दोन दिवसांच्या मानाने पिशवी मोठी होती.

सकाळी कुंदन तिला मोटारसायकलवर बसस्थानकावर सोडायला निघाला. कमलबाई गॅलरीतून पाहत होती. हा पोरगा गतिरोधक दिसला की गाडी उडवायचा. आज मात्र त्याने कोपऱ्यावरचा गतिरोधक असा ओलांडला, जणू मागे काचेची भांडी बांधली असावीत. शेवटचं सोडायला चाललाय, म्हणून पाय निघत नाही, कमलबाईच्या मनात आलं, आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने डोळे पुसले, नेसूचं बदललं, आधार कार्ड कमरेला खोचलं आणि रिक्षा थांबवली. जाणाऱ्या माणसाला निदान तोंडावर विचारायचं तरी. न विचारता कोणी गेलं तर आयुष्यभर तोच विचार खात राहतो.

पुढची एसटी मिळाली. अर्ध्या तिकिटात खिडकीची जागा मिळाली तरी तिला बाहेरचं काही दिसलं नाही. ती मनात वाक्यं जुळवत होती. माझं काय चुकलं ते सांग. नाही, आधीच आपलं चुकलं कशाला म्हणायचं. कोणी फूस लावली ते सांग. हेही बरं नाही, शेवंताबाई समोर असेल. जामनेर येईपर्यंत एकही वाक्य धड जुळलं नाही.

नूतनच्या माहेरी दार उघडं होतं. व्याही कौतिक नाना ओट्यावर बसून कापूस वेचायच्या पिशव्या शिवत होते. विहीणबाईंना असं अवचित पाहून ते गडबडीने उठले, आतून पाण्याचा तांब्या आणला. नूतन आणि तिची आई कुठे आहेत विचारल्यावर दवाखान्यात गेल्या म्हणाले. डोळे तपासायला का, असं कमलबाईने विचारलं. कौतिक नाना भाबडा माणूस. ते म्हणाले, "डोळे? नाही हो अक्का, तिची तपासणी. आज बायांचा दिवस असतो ना."

कमलबाईने तांब्या खाली ठेवला. बायांचा दिवस कशाचा असतो हे तिला विचारायची गरज नव्हती.

सरकारी दवाखाना जवळच होता. व्हरांड्यातल्या बाकांवर बायका बसल्या होत्या, कोणी सातव्या महिन्याची, कोणी नवव्या, कोणी नुकतीच. सगळ्यांच्या हातात एकसारखं कार्ड. चौथ्या बाकावर नूतन होती. पदर खांद्यावरून सरळ घेतलेला, मांडीवर ती निळी फाइल, आणि फाइलच्या वर एक हात पोटाशी. घरी ती कधीच असा हात ठेवून बसली नव्हती. घरी ती सैल कुर्ता घालून कायम काहीतरी करत असायची.

एका क्षणात कमलबाईला सगळं उमगलं. फोडणीच्या वेळी गॅलरी, खजूर, गतिरोधक. बैल उभा असताना त्याचा लंगडा पाय ओळखणारी बाई, आणि घरात चार महिन्यांची गर्भार सून फिरत असताना तिला दिसली नव्हती. आनंद इतका जोरात आला की ती खांबाला धरून उभी राहिली. लगेच मागून दुसरं काहीतरी आलं आणि आनंदाच्या छातीवर बसलं. गॅलरीच्या दाराशी चटई टाकून ही पोरगी महिन्याचे चार दिवस बसत होती. एकदा नाही, तीनदा. आणि आपण तिला ताट सरकवत होतो.

नूतनने वर पाहिलं. तिने फाइल पोटाशी ओढून घेतली. शेजारी बसलेली शेवंताबाई उठायला लागली, तिला नूतनने हातानेच थांबवलं आणि स्वतः उठून खांबापाशी आली.

"तू माले काबरं नही सांगं?" कमलबाई म्हणाली. एसटीत जुळवलेल्या सगळ्या वाक्यांतून हे एकच उरलं होतं, आणि ते तिने जुळवलंच नव्हतं.

नूतन खांबाच्या आडोशाला सरकली. मग हळू आवाजात बोलायला लागली, अशा आवाजात की बाकावरच्या बायकांना ऐकू जाऊ नये. म्हणाली की इथे नाव लावायचं तिने आणि कुंदनने मिळून ठरवलं. तपासणीला दर वेळी इथे यायचं, बाळंतपणही इथेच, पहिलं माहेरी असतंच, कोणी काही म्हणणार नाही. पाच महिने झाले की घरी सांगणार होतो.

"पन जळगावले काय दवाखाना नही शे का?"

"आहे, आई. पण तिथली ताई घरी येते." नूतनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मागच्या वर्षी गावची आशाताई तीन वेळा आपल्या दाराशी आली होती. घरात कोणी गरोदर आहे का, नाव लावायचंय, रक्त तपासायचंय. तीनही वेळा तुम्ही तिला सांगितलं, आमची सून माहेरी गेलीय. मी आतल्या खोलीत होते. सगळं ऐकत होते."

कमलबाईला ते आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा ती गोष्ट कधी विसरलीच नव्हती, फक्त तिला ती आजवर चांगली गोष्ट वाटत होती. केवढ्या हुशारीने तिने त्या बाईला तीनदा दारातून परत पाठवलं होतं. मूल गेल्यावर यादीत पहिलं नाव तिने त्या आशाताईचंच घातलं होतं. तीन वेळा आली, डोकावली, तिचीच नजर लागली.

"साक्रीला नेलं तेव्हा रक्त सहा होतं," नूतन म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं, एकदाही तपासणी नाही, नोंद नाही, होता कुठे इतके दिवस? तुमच्यामुळे बाळ गेलं असं मी म्हणत नाही. तपासलं असतं तरी वाचलं असतं का, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण कोणी पाहिलंच नाही ना, आई. तुम्ही म्हणत होतात, माहेरी गेलीय. म्हणून या वेळी मी खरंच माहेरी आले."

कमलबाईला खूप काही सांगायचं होतं. की ते तिने वाईटासाठी केलं नव्हतं, की तिच्या सासूने तिच्या वेळी असंच दार राखलं होतं आणि कुंदन झाला, धडधाकट झाला. पण कुंदनच्या आधीचे दोन गेले होते, त्या वेळीही दार असंच राखलेलं होतं. हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं तिच्या डोक्यात आजवर आलं नव्हतं. सगळ्या जगावर संशय घेतला, आणि सासूच्या शिकवणीवर कधी घेतला नाही.

तेवढ्यात आतून नूतनचं नाव पुकारलं. नूतन निघाली, कमलबाई तिच्या मागे गेली, आणि तिला कोणी अडवलं नाही. आत सिस्टर संगणकासमोर बसली होती. तिने वजन विचारलं, दाब मोजला, रक्ताचा आकडा पाहून मागच्या वेळेपेक्षा बरा आहे म्हणाली. मग पडद्याकडे पाहत तिने कपाळाला आठी घातली. तुमच्या नोंदीला जो मोबाइल नंबर आहे त्यावर मी मागच्या आठवड्यात तारखेसाठी दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. हा नंबर कोणाचा?

तो नंबर मागच्या वर्षी भरती करताना दिलेला, घरचा जुना. आता तो कमलबाईच्या फोनमध्ये होता, आणि अनोळखी नंबर कमलबाई कधीच उचलत नसे.

नूतनने सासूकडे पाहिलं नाही. "तो बदलायचाय, सिस्टर," ती म्हणाली. "माझ्या आईचा नंबर घाला."

सिस्टरने शेवंताबाईचा नंबर लिहून घेतला. बदलायचा असेल तर आधी जुन्या नंबरवर सहा आकडे येतील, ते सांगावे लागतील, तो फोन आहे का जवळ? कोणी बोलायच्या आधीच कमलबाईच्या कमरेला फोन वाजला.

तिने तो काढला. पालथा ठेवायला जागा नव्हती आणि चष्मा लावलेलाच होता. पडद्यावर सहा आकडे होते. तिला कळत होतं की हे आकडे सांगितले की या पोरीच्या तपासणीचा, तारखेचा, दुखण्याखुपण्याचा एकही निरोप पुन्हा आपल्या हातातल्या या डब्यात येणार नाही. बाळ झालं तरी आधी शेवंताबाईला कळेल. आणि नाही सांगितले तर? डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चाललं असतं. म्हाताऱ्या बाईने एक आकडा चुकीचा वाचला तर तिला कोण पकडणार होतं? नूतन आता तिच्याकडे पाहत होती. ती तसंच काहीतरी होण्याची वाट पाहत होती, हे कमलबाईला स्पष्ट दिसलं. ती नजर कमलबाईला अनोळखी नव्हती. चाळीस वर्षं तिने जगाकडे त्याच नजरेने पाहिलं होतं. त्या नजरेच्या समोर उभं राहायची वेळ मात्र आजच आली होती, आणि ते फार वाईट वाटत होतं.

"च्यार," ती म्हणाली. "शून्य. नऊ." तिने अंगठा पुढच्या आकड्याखाली ठेवला आणि खात्री करून घेतली. "नऊ परत. एक. सात."

सिस्टरने कळ दाबली. बदलला, म्हणाली, आता या फोनवर आमचं काही येणार नाही. नूतनने तेव्हा कुठे सासूवरची नजर काढली.

बाहेर व्हरांड्यात शेवंताबाईने विहिणीला बसायला जागा करून दिली आणि जेवून जायचा आग्रह केला. कमलबाई बसली नाही. तिचं डोकं अजून जड होतं, ती खांबाला टेकली, आणि नूतनच्या ते लक्षात आलं. गोळ्या कधी संपल्या, असं तिने विचारलं. कमलबाईने खरा आकडा सांगितला.

"दीपमालाताईंना नाव का नाही दिलं?"

"तू व्हतीस कोठे त्या नावस्मा," कमलबाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "उद्या नाव देसू. मीच जासू तिनाकडे."

नूतनने मान हलवली. कमलबाईने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली, आपलीच लागेल या भीतीने.

"बाळले घीसन घर येशी ना?"

नूतनने लगेच हो म्हटलं नाही. तिने फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "तुम्ही आधी गोळ्या सुरू करा, आई," ती म्हणाली. "मग पाहू."

त्यात हो किती आणि नाही किती, हे कमलबाईने आयुष्यात पहिल्यांदाच उलटं-सुलटं करून पाहिलं नाही. ती बरं म्हणाली आणि दोनच्या एसटीकडे निघाली.